ज्ञानाच्या सर्व दालनांतून फिरलेला हकीम : बू अली सीना

गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे थांबले. त्यांचा मुलगा नववीत होता. मुलगा हुशार, गणित व विज्ञान या विषयांत चांगले गुण मिळविणारा. त्याला डॉक्टर करावयाचे असे घरात ठरले होते आणि त्यासाठी लागणारी क्लासची फी वडील पोटाला चिमटा काढून भरणार होते. त्यांची तक्रार एवढीच होती की, मुलगा अभ्यासातून वेळ मिळाला की चित्रे काढीत बसतो. त्यांनी चित्रांची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि ती माझ्याकडेच ठेवून घ्यावी अशी विनंती केली. डॉक्टर होणाऱ्या मुलाला या गोष्टींचा काय उपयोग, असा त्यांचा प्रश्न होता.

मी वही कपाटात ठेवली. प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्या दिवशी देता आले नाही. त्या गृहस्थांची चिंता खोटी नव्हती. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा थोड्या, परीक्षा कठीण आणि खर्च मोठा. अशा वेळी मुलाचा एक तासही वाया जाऊ नये असे बापाला वाटले तर त्यात नवल ते काय? तरीही तो प्रश्न मनातून जाईना. संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची वेळ आली तेव्हा मी ठरविले की, त्या प्रश्नाचे उत्तर एका थोर हकीमाच्या चरित्रातूनच शोधावे. हे हकीम म्हणजे अबू अली अल्‌-हुसेन इब्न अब्दुल्ला इब्न सीना. आपल्याकडील जुनी माणसे त्यांना बू अली सीना म्हणतात आणि युरोपात ते अविसेना या नावाने प्रसिद्ध आहेत.

बालपण आणि भाजीवाला गुरू

इब्न सीना यांचा जन्म इ. स. ९८० मध्ये, म्हणजे हिजरी सन ३७० मध्ये, बुखारा शहराजवळील अफशना नावाच्या खेड्यात झाला. हा भाग आज उझबेकिस्तान या देशात मोडतो. त्या काळी तेथे सामानी घराण्याचे राज्य होते. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्ख शहराचे. सरकारी चाकरीच्या निमित्ताने ते बुखाऱ्याकडे आले व एका गावाचा कारभार पाहू लागले. आईचे नाव सितारा. मुलगा थोडा मोठा होताच हे कुटुंब बुखारा शहरात राहावयास आले, आणि वडिलांनी सर्वप्रथम कोणती गोष्ट केली असेल तर मुलासाठी शिक्षक नेमला. दहा वर्षांचा होईपर्यंत हुसेनने कुरआन शरीफ पूर्ण केले होते आणि अरबी साहित्याचाही बराच भाग त्याच्या वाचनात आला होता.

यानंतरचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी शून्यासह नऊ अंकांनी हिशेब करण्याची रीत त्या प्रदेशात रूढ होऊ लागली होती. ही रीत आपल्या भारतातून तिकडे गेलेली असल्यामुळे तिला हिंदी हिशेब म्हणत. बुखाऱ्यात ती रीत चांगली जाणणारा एक माणूस होता. तो होता भाजी विकणारा! वडिलांनी मुलाला बेधडक त्या भाजीवाल्याकडे शिकावयास पाठविले. सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा भाजीवाल्यासमोर बसून अंकगणित कसा शिकणार, असा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पुढे जगभर नाव झाल्यावर इब्न सीना यांनी आपली जीवनकहाणी शिष्याला सांगितली, तेव्हा त्या भाजीवाल्याचा उल्लेख करण्यास ते विसरले नाहीत. इल्म ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यावे, मग तो कोणीही असो, हा धडा या मुलाने असा बालपणीच घेतला.

त्यानंतर धर्मशास्त्रासाठी इस्माईल जाहिद नावाचे गुरू मिळाले. पुढे नातिली नावाचे एक विद्वान बुखाऱ्यात आले. वडिलांनी त्यांना आपल्या घरीच उतरवून घेतले. नातिली यांनी तर्कशास्त्र शिकविण्यास सुरुवात केली आणि युक्लिडच्या भूमितीतील पहिली पाच-सहा प्रमेये समजावून दिली. बाकीचा ग्रंथ मुलाने स्वतःच सोडविला. टॉलेमीच्या ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथाच्या बाबतीतही तसेच झाले. काही ठिकाणी तर शिष्यच गुरूला अर्थ सांगू लागला. नातिली यांनी राग मानला नाही. उलट, या मुलाला विद्येखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामाला जुंपू नका, असे त्यांनी वडिलांना बजावले. शिष्य आपल्यापुढे गेला म्हणून आनंद मानणारा शिक्षक मिळणे हेही मोठे भाग्यच होय.

वैद्यकाकडे वळण

वैद्यकाचा अभ्यास इब्न सीना यांनी यानंतर सुरू केला. गणित आणि तर्क यांत मुरलेल्या बुद्धीला वैद्यकाचे ग्रंथ अवघड वाटले नाहीत. पण केवळ ग्रंथ वाचून ते थांबले नाहीत. रोग्यांना पाहणे, औषध देणे, परिणाम टिपणे हा क्रम त्यांनी चालू ठेवला आणि पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी रोग्यांच्या बिछान्याजवळ आपणांस समजल्या असे त्यांनी सांगितले आहे. सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे वयाने मोठे असलेले वैद्य शिकावयास येऊ लागले होते.

रात्रीचा दिवस करून त्यांचा अभ्यास चाले. प्रत्येक प्रश्नाची मांडणी ते कागदावर करीत. गृहीत कोणते, त्यातून काय निघते, दोहोंना जोडणारा दुवा कोणता, हे सारे ते वेगवेगळे लिहून काढीत. दुवा सापडला नाही की ते मस्जिदीत जात, नमाज पढत आणि गुंता सुटावा म्हणून अल्लाहपाशी दुआ मागत. घरी येऊन पुन्हा दिव्याजवळ बसत.

एवढी कुशाग्र बुद्धी असूनही त्यांना एका पुस्तकाने हार खावयास लावली. ॲरिस्टॉटलचा अतिभौतिक तत्त्वज्ञानावरील ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण अर्थ काही उलगडेना. शेवटी त्यांनी नाद सोडला. एके दिवशी असरच्या नमाजाच्या सुमारास ते पुस्तकांच्या बाजारातून जात होते. एका दलालाने एक पुस्तक पुढे केले. इब्न सीना यांनी ते वैतागून परत केले. पुस्तकाच्या मालकाला पैशाची निकड आहे, तीन दिरहमांत देतो, अशी दलालाने गळ घातली तेव्हा त्यांनी ते घेतले. ते होते त्याच ग्रंथाचा हेतू समजावून देणारे अल्‌-फाराबीचे छोटेसे पुस्तक. घरी येऊन वाचताच सारा ग्रंथ लख्ख उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृतज्ञतेपोटी गोरगरिबांना दानधर्म केला. विद्यार्थी मित्रांनो, चाळीस वेळा न समजणे ही नामुष्की नव्हे, आणि एकेचाळिसाव्या वेळी दुसऱ्याची मदत घेणे ही तर मुळीच नव्हे.

खोल्या अनेक, वाचक एक

सुमारे सतराव्या वर्षी त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना घडली. बुखाऱ्याचा सुलतान नूह इब्न मन्सूर आजारी पडला. दरबारच्या वैद्यांना रोग आटोपेना. त्यांनी या तरुणाचे नाव सुचविले. उपचारात त्याचा हातभार लागला व तो सुलतानाच्या सेवेत रुजू झाला. त्याने मागितले काय, तर राजवाड्यातील ग्रंथालयात जाऊन वाचण्याची परवानगी.

त्या ग्रंथालयाचे वर्णन इब्न सीना यांनी करून ठेवले आहे. त्यात अनेक खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत पेट्यांवर पेट्या रचून ग्रंथ ठेवलेले होते. एका खोलीत अरबी भाषा व काव्य, दुसरीत धर्मशास्त्र, याप्रमाणे प्रत्येक विद्येला स्वतंत्र खोली. इब्न सीना यांनी ग्रंथांची यादी पाहिली, हवे ते मागवून घेतले आणि वाचले. काही पुस्तके तर अशी होती की, त्यांची नावेही अनेकांनी ऐकली नव्हती.

ही खोल्यांची व्यवस्था मला आपल्या आजच्या शाखांसारखी वाटते. आपल्याकडेही दहावी झाली की विज्ञानाची एक खोली, कलेची दुसरी, वाणिज्याची तिसरी. व्यवस्थेसाठी खोल्या वेगळ्या हव्यातच. त्याशिवाय पुस्तक सापडणार कसे? पण त्या खोल्या पुस्तकांसाठी होत्या, वाचकाला कोंडून ठेवण्यासाठी नव्हत्या. सतरा वर्षांचा तो तरुण वैद्य सर्व खोल्यांतून फिरला. त्या फिरण्याने त्याच्या वैद्यकाचे नुकसान झाले की फायदा झाला, हेच आता पाहावयाचे आहे.

वणवण आणि ग्रंथलेखन

हे सुख फार दिवस टिकले नाही. इ. स. ९९९ मध्ये सामानी राज्य कोसळले. त्यानंतर काही वर्षांतच वडील वारले. इब्न सीना यांना बुखारा सोडावे लागले. ते ख्वारिज्मच्या गुरगंज नगरीत गेले. त्याच प्रदेशात जन्मलेले थोर विद्वान अल्‌-बिरूनी यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आजही उपलब्ध आहे. बिरूनी यांनी ॲरिस्टॉटलच्या मतांवर व निसर्गातील घडामोडींवर अठरा प्रश्न विचारले आणि इब्न सीना यांनी त्यांची उत्तरे दिली. पुढे भारतावर मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच बिरूनी.

गुरगंजहून पुन्हा प्रवास सुरू झाला. वाळवंट, अनोळखी गावे, राज्याराज्यांतील भांडणे यांतून ते कास्पियन समुद्राजवळील जुरजान येथे पोहोचले. ज्या अमीराच्या भरवशावर ते आले होते, तो पदच्युत होऊन मरण पावला होता. मात्र याच ठिकाणी त्यांना अबू उबैद जुजजानी हा शिष्य लाभला. तो पुढे सुमारे पंचवीस वर्षे, अखेरपर्यंत, सावलीसारखा त्यांच्याबरोबर राहिला. गुरूचे चरित्र आपणांस माहीत आहे ते मुख्यतः या शिष्यामुळेच.

जुरजानला एका विद्याप्रेमी गृहस्थाने त्यांच्यासाठी शेजारीच घर विकत घेऊन दिले. तेथे त्यांनी ‘अल्‌-कानून फित्‌तिब्ब’ या जगप्रसिद्ध ग्रंथाला प्रारंभ केला. पुढे रय व हमदान या शहरांत तो पुरा झाला. ग्रंथाचे पाच भाग आहेत. पहिल्यात शरीराची रचना व वैद्यकाची मूलतत्त्वे, दुसऱ्यात एकेरी औषधे, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंतच्या अवयवांचे रोग, चौथ्यात ताप, अस्थिभंग, विषबाधा यांसारखे सर्व शरीराशी संबंधित विकार, आणि पाचव्यात मिश्र औषधे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या ग्रंथात वैद्यकाबाहेरच्या विद्यांचे काय काम होते? तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण तर्कशास्त्राचे. एखादे औषध खरोखर गुणकारी आहे हे कसे ठरवावे, याचे सात नियम कानूनमध्ये दिले आहेत. औषध शुद्ध असावे. ते गुंतागुंतीच्या आजारावर न तपासता एकाच साध्या आजारावर तपासावे. परस्परविरुद्ध स्वभावाच्या रोगांवर ते वापरून पाहावे. त्याचा परिणाम केव्हा सुरू होतो हे पाहावे. तोच परिणाम पुन:पुन्हा येतो की एखाद्या वेळी योगायोगाने आला, हे पाहावे. आणि प्रयोग अखेर माणसाच्या शरीरावर झाला पाहिजे, कारण प्राण्याला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही. हे नियम लिहिणारा हात वैद्याचा आहे, पण त्यामागची शिस्त ज्या मुलाने गृहीत आणि निष्कर्ष वेगळे लिहिण्याची सवय लावून घेतली होती त्याची आहे.

दुसरे उदाहरण संगीताचे. त्या काळी संगीत हा गणिताचाच भाग समजला जाई, कारण सुरांची व तालांची नाती संख्यांच्या प्रमाणांत सांगता येतात. इब्न सीना यांनी संगीतशास्त्रावर विस्ताराने लिहिले आहे. कानूनमध्ये नाडीपरीक्षेचे, म्हणजे नब्ज पाहण्याचे, विवेचन करताना ते सांगतात की, नाडीतही ताल असतो. ठोक्यांचे व त्यांमधील विरामांचे प्रमाण बोटांनी ओळखणे फार कठीण. मात्र ज्याचा कान ताललयीला सरावलेला आहे त्याला ते सोपे जाते. म्हणजे संगीत हा त्यांच्यासाठी रिकाम्या वेळेचा विरंगुळा उरला नव्हता. रोग्याच्या मनगटावर ठेवलेल्या बोटांना तो शिकवीत होता.

तिसरे उदाहरण काव्याचे. वैद्यकाची मूलतत्त्वे विद्यार्थ्यांना तोंडपाठ व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे तेराशे ओळींचे अरबी पद्य रचले. पुस्तक महाग व दुर्मिळ असण्याच्या त्या काळात ते पद्य हेच गरीब विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक होते. पुढे इब्न रुश्द यांच्यासारख्या वैद्य-तत्त्वज्ञाने त्यावर भाष्य लिहिले.

याशिवाय मनुष्यस्वभावाची पारख वेगळीच. प्रेमात पडून झुरणाऱ्या व नाव न सांगणाऱ्या रोग्याविषयी कानूनमध्ये एक युक्ती दिली आहे. त्याची नाडी धरून नावे, गल्ल्या, धंदे यांचा एकामागून एक उच्चार करावा आणि कोणत्या शब्दाला नाडी दचकते ते पाहावे. या युक्तीभोवती पुढे अनेक रंजक कथा रचल्या गेल्या. दंतकथा बाजूला ठेवल्या तरी एवढे खरे की, या हकीमाने शरीर तपासताना आतल्या माणसाकडे पाठ फिरविली नाही.

वजीर, कैदी आणि लेखक

हमदानचा अमीर शम्स-उद-दौला पोटशुळाने आजारी होता. इब्न सीना यांच्या उपचाराने तो बरा झाला आणि त्याने त्यांना वजीर केले. थोड्याच दिवसांत सैन्य बिथरले, त्यांचे घर लुटले व त्यांचा शिरच्छेद करावा अशी मागणी केली. अमीराने ती मानली नाही. चाळीस दिवस इब्न सीना एका स्नेह्याच्या घरी लपून राहिले. इतक्यात अमीराचे पोट पुन्हा दुखू लागले. मग त्यांना सन्मानाने बोलावून पुन्हा वजिरी देण्यात आली!

दिवसभर राज्यकारभार असल्यामुळे अध्ययनासाठी उरत असे ती फक्त रात्र. रात्री शिष्य त्यांच्या घरी जमत. कोणी कानूनचा पाठ घेई, कोणी ‘अश्‌-शिफा’चा. शिफा म्हणजे आरोग्य खरे, पण हा ग्रंथ वैद्यकावरील नाही. तर्क, निसर्गविज्ञान, गणित व तत्त्वज्ञान यांचा तो विश्वकोश आहे. त्याच्या गणित विभागात भूमिती, अंकगणित, ज्योतिष व संगीत ही चारही अंगे आली आहेत. अमीर वारल्यावर इब्न सीना पुन्हा एका अत्ताराच्या घरी लपले. जवळ एकही संदर्भग्रंथ नसताना त्यांनी शिफाचे मुद्दे लिहून काढले आणि मग रोज पन्नास पाने या वेगाने लेखन केले. पुढे त्यांना पकडून फरदजान किल्ल्यात चार महिने कैदेत ठेवण्यात आले. तेथेही लेखणी थांबली नाही. पोटशुळावरील पुस्तक त्यांनी कैदेतच लिहिले आणि ‘हय्य इब्न यक्जान’ ही रूपककथाही तेथेच लिहिली. एक वैद्यकाचे, दुसरे साहित्याचे. कोठडी एकच होती, पण त्यांच्या मनाच्या खोल्या तेथेही उघड्याच होत्या.

सुटका झाल्यानंतर सूफी फकिराचा वेष घेऊन ते इस्फहानला गेले. भाऊ आणि जुजजानी बरोबर होते. इस्फहानचा अमीर अला-उद-दौला याने त्यांचा मोठा आदर केला. जुन्या वेधांवर आधारलेल्या पंचांगांत चुका आढळू लागल्या म्हणून त्याने त्यांना आकाशाचे नवे वेध घेण्यास सांगितले. उपकरणे तयार झाली, पण वारंवारच्या प्रवासांमुळे ते काम तडीस गेले नाही. शुक्र सूर्यबिंबावर डागासारखा पाहिल्याचेही त्यांनी लिहिले आहे. इ. स. १०३२ मध्ये असे संक्रमण झाले होते हे आजच्या गणिताने सिद्ध होते, परंतु त्यांना तेच दिसले होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

इस्फहानच्या दरबारात एकदा भाषेचा विषय निघाला. इब्न सीना यांनी मत मांडताच अबू मन्सूर नावाच्या भाषापंडिताने त्यांना हिणविले. तुम्ही तत्त्वज्ञ व वैद्य आहात, भाषेचा तुमचा अभ्यास नाही, असा त्याचा रोख होता. इब्न सीना यांना ते लागले. पण भांडण करण्याऐवजी त्यांनी तीन वर्षे अरबी भाषेचा कसून अभ्यास केला. खुरासानहून मोठा शब्दकोश मागविला. मग दुर्मिळ शब्द पेरून तीन कविता रचल्या, जुन्या नामवंत लेखकांच्या शैलीत तीन पत्रे लिहिली आणि सर्व कागद जुनाट कातडी बांधणीत बांधून घेतले. शिकारीच्या वेळी रानात सापडलेले पुस्तक म्हणून अमीराने ते त्या पंडिताकडे दिले. पंडिताला अनेक शब्द अडले. प्रत्येक शब्द कोणत्या ग्रंथात कोठे आला आहे हे इब्न सीना सांगत गेले. तेव्हा पंडिताच्या ध्यानात खरा प्रकार आला आणि त्याने माफी मागितली. कोणी उणे काढले तर त्याला उत्तर द्यावयाचे ते अभ्यासाने, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी ध्यानात ठेवावी. त्या काळी शास्त्रीय ग्रंथांची भाषा अरबी होती. इब्न सीना यांनी मात्र या अमीरासाठी तर्क व तत्त्वज्ञानाचा ‘दानिशनामा’ हा ग्रंथ आपल्या बोलीभाषेत, म्हणजे फारसीत लिहिला. नाडीवरील एक पुस्तकही फारसीत लिहिले. त्यासाठी शेकडो कल्पनांना साधे फारसी शब्द शोधले. मातृभाषेत शास्त्र सांगता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हजार वर्षांपूर्वीच दिलेले हे उत्तर होय.

अखेर

माणूस म्हणून त्यांच्यात उणिवा होत्या. शरीराला विश्रांती द्यावी हा जो सल्ला ते इतरांना देत, तो त्यांनी स्वतः पाळला नाही. ज्या पोटशुळावर त्यांनी पुस्तक लिहिले त्याच रोगाने त्यांना ग्रासले. मोहिमेवर अमीराबरोबर जावयाचे असल्याने त्यांनी घाईघाईने एकाच दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना इजा झाली. त्यात औषध तयार करणाऱ्याने ठरलेल्यापेक्षा जास्त मात्रा घातली. आता शरीर सांभाळणारी शक्तीच उरली नाही हे ओळखून त्यांनी औषध थांबविले. अखेरच्या दिवसांत त्यांनी दानधर्म केला, गुलामांना मुक्त केले आणि ते कुरआन पठण करीत राहिले, असे चरित्रकार सांगतात. इ. स. १०३७ मध्ये, हिजरी ४२८ च्या रमजान महिन्यात, हमदान येथे त्यांचे निधन झाले. आज तेथे त्यांची भव्य कबर आहे.

त्यांचा कानून मात्र जिवंत राहिला. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे जेरार्डने त्याचे लॅटिन भाषांतर केले. इ. स. १५९३ मध्ये मूळ अरबी ग्रंथ रोममध्ये छापला गेला. सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत तो शिकविला जात होता. आपल्या देशातही युनानी हकीमांनी तो जपला. अकबर बादशहाच्या दरबारातील हकीम अली गीलानी यांनी त्यावर अरबीत भाष्य लिहिले. याच हकीमांनी तलावाच्या पाण्याखाली कोरडी राहणारी खोली बांधून बादशहाला चकित केले होते! आजही मालेगाव, मुंबई येथील युनानी तिब्बिया कॉलेजांत बू अली सीना यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचे सर्वच म्हणणे खरे ठरले असे नाही. रक्त, कफ, पित्त व सौदा या चार खिल्तांवर आधारलेली रोगांची उपपत्ती आधुनिक विज्ञानाने मागे टाकली आहे. हृदयाच्या मधल्या पडद्यातून रक्त पार होते, हे कानूनमध्ये आलेले मत तेराव्या शतकात इब्न अन्‌-नफीस यांनी खोडून काढले आणि रक्त फुप्फुसांमधून फिरून येते हे सांगितले. हे इब्न अन्‌-नफीसही नुसते वैद्य नव्हते. कैरोमध्ये ते शाफई फिकह शिकवीत. आपल्या कोकणातील मुस्लिम समाज ज्या शाफई मजहबाचा अनुयायी आहे, तोच हा मजहब. गुरूच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना गुरूची चूक दाखविणे हीसुद्धा ग्रंथाची सेवाच होय.

पालकांना दोन शब्द

आता कपाटातील वहीकडे येतो. हा लेख लिहिण्याच्या तयारीत असताना मी ती प्रथमच नीट उघडून पाहिली. झाडे होती, बकऱ्या होत्या, मोहल्ल्यातील मस्जिद होती. एका पानावर एका वृद्ध स्त्रीचा हात होता. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठा वाकडा झालेला, मनगटावरची शीर उठून दिसणारी. चौकशी करता कळले की, तो त्या मुलाच्या दादीचा हात आहे. संधिवाताने त्यांची बोटे आखडली आहेत. घरातील सर्वजण तो हात रोज पाहत होते, पण तो इतका निरखून त्या मुलानेच पाहिला होता. चांगल्या डॉक्टरजवळ जी नजर असावी लागते ती याहून वेगळी काय असते?

मी वडिलांना शाळेत बोलावून वही परत दिली, ती ते पान उघडूनच. परीक्षेचा अभ्यास कमी करा असे मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. इब्न सीना यांनीही कोणता विषय अर्धवट सोडून दुसरा धरला नव्हता. रोज एखादा तास त्याच्या हातात पेन्सिल राहू द्या, एवढेच मी सांगितले. ते बराच वेळ आपल्या आईच्या हाताचे ते चित्र पाहत राहिले आणि वही घेऊन गेले. मुलगा आता दहावीत आहे. तो डॉक्टर होईल किंवा न होईल, ते त्याच्या मेहनतीवर आणि अल्लाहच्या मर्जीवर. पण वही त्याच्याजवळ आहे.

पालक बंधू-भगिनींनो, प्रत्येक मूल इब्न सीना होणार नाही. तशी अपेक्षा धरून त्याच्यावर ओझे टाकणेही योग्य नव्हे. पण आपल्या मुलामुलींना ज्या खोलीत बसवावयाचे असेल तेथे जरूर बसवा, बाकीच्या खोल्यांना कुलूप मात्र लावू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला शिकविणारा भाजीवाला असो वा प्राध्यापक, त्याच्यापुढे अदबीने बसा. अल्लाह आपणां सर्वांच्या इल्ममध्ये वाढ करो. आमीन.